पायलीभर ज्वारीचा श्याम

चंदाचा लहाना पोरगा श्याम विकलेला आहे, हे गावात साऱ्यांना ठाऊक होतं. विकलेला म्हणजे रीतीनं विकलेला. थोरल्या गोपालच्या पाठीवरची दोन लेकरं राहिली नाहीत. एक जन्मतःच गेलं, दुसरं बाराव्या दिवशी. मग श्याम झाला तेव्हा सासू म्हणाली, "याले आपला म्हनूच नका. इकून टाका."

वऱ्हाडात हे चालतं. लेकरू सुपात घालायचं, उंबऱ्याबाहेर न्यायचं आणि शेजारणीच्या पुढ्यात ठेवायचं. शेजारीण पायलीभर ज्वारी देते अन् लेकरू उचलते. मरण दारात आलंच तर त्याला वाटतं, हे पोट्टं या घरचं नाही, आणि ते आल्या वाटेनं जातं. ती ज्वारी मात्र गाडग्यात तोंड बांधून ठेवायची. पाचव्या वर्षी तीच परत करायची आणि लेकरू घरी आणायचं. तोवर तिला हात लावायचा नाही.

चंदानं ती खाल्ली.

श्याम दीड महिन्याचा होता. नवरा सूर्यभान संत्र्याची गाडी घेऊन चार दिवस बाहेर, सासू लेकीकडे, घरातलं पीठ सरलेलं आणि पाच वर्षांचा गोपाल भाकर दे म्हणून पाय आपटून राहिलेला. चंदानं गाडगं सोडलं, ज्वारी दळली, भाकरी थापल्या. नंतर भरून ठेवू म्हणाली आणि विसरली. भावाच्या किमतीची पहिली भाकर गोपालनंच खाल्ली, तीही गूळ लावून.

घेणारी शेजारीण केशरबाई. दोन्ही घरांत एकच भिंत. केशरबाई पंचावन्नची, अंगानं भरलेली, आवाज असा की बांधावरून बोलली तर नवऱ्याला बगिच्यात ऐकू जाई. नवरा खुशालराव सारा दिवस संत्र्याच्या बगिच्यातच. तिन्ही पोरी लग्न होऊन अमरावती, अकोल्याकडे गेलेल्या. घरात माणसं कमी झाली तरी तिचा सैपाकाचा अंदाज काही कमी झाला नव्हता. तिच्या हातची पातोडी गावात नावाजलेली. बेसनाच्या वड्या अशा मऊ की रश्श्यात पडल्या तरी मोडत नसत, अन् तोंडात घातल्या की राहत नसत.

चंदा हंगामात वरूडच्या मंडीत संत्रं निवडायला जाई. मोठं फळ एका कॅरेटात, मधलं दुसऱ्यात, बारकी चुरी बाजूला. सकाळी आठच्या गाडीत बसली की दिवेलागणीला परत. सासू आता लेकीकडेच राही, म्हणून गोपाल शाळेत जाई, श्याम केशरबाईकडे. आधी ही सोय होती. पोट्टा चार-साडेचारचा झाला तशी ती सोय चंदाच्या गळ्यात अडकू लागली.

संध्याकाळी ती दारातूनच हाक मारी, "श्याम, ये रे बाप्पा, जेव."

"मी जेवलो केशरमायकडे."

"काय जेवला?"

"पातोडी."

चंदानं सकाळी करून ठेवलेली भाजी तशीच राही. पोट्ट्याची आंघोळ झालेली, तेल लावलेलं, भांग पाडलेला. आणि भांग उजवीकडून. चंदा डावीकडून पाडायची. ती त्याला गुडघ्यात धरून भांग डावीकडे आणी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उजवीकडून येई. दोन्ही बाया याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, पण त्या एवढ्याशा डोक्यावर दोन महिने लढाई चालली.

सूर्यभानला ती एकदा म्हणाली, "तिनं पोट्ट्यावर कायतरी केलं."

"तेल लावलं," सूर्यभान म्हणाला. "फुकटात सांभाळून राहिली, अन् तू तिच्याच नावानं जळून राहिली."

"मी काहून जळू? माहा पोरगा हाय तो."

"मंग झोप."

कार्तिकात केशरबाई कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली. येताना श्यामसाठी बूट आणले, चाललं की टाचेत लाल दिवे लागणारे. गोपालसाठी रेवड्यांची पुडी. पोट्टा अंगणात थयथय नाचला आणि केशरबाई ओट्यावर बसून म्हणाली, "माह्या पोराले शोभून राहिले का नाही, चंदे?"

"शोभतीन नाई तं काय. बूटच ते."

"पायलीभर ज्वारी मोजली म्या त्याच्यासाठी. बूट त्याच्यापुढे काय."

ती हसली. चंदाला हसू आलं नाही. पोराची किंमत आपण दळून खाल्ली, हे ती केशरबाईला मागं एकदा बोलून बसली होती, आणि तेव्हापासून ही बाई कधी ना कधी तो विषय काढीच.

गोपाल रेवड्या खात नव्हता. पुडी हातात धरून बुटांकडे बघत होता. जेवताना त्यानं विचारलं, "आई, मले काहून नाई इकलं?"

"काय?"

"याले इकलं तं याले दोन घरं भेटले. इथी जेवते, तिथी जेवते. दिवाळीले दोन ड्रेस. अन् आता हे बूट. मले काय भेटलं?"

"तुले इकाचं काम नाई पडलं. तू चांगला जगला."

"म्हंजे चांगलं जगलं का काही नाई भेटत?"

सूर्यभान ताटात बघून हसला. चंदानं गोपालला जेव म्हणून दटावलं आणि विषय तिथंच टाकून दिला. तिच्या डोक्यात श्याम होता.

दुसऱ्या दिवशी एक बूट गुरांच्या हौदात सापडला. दिवा विझलेला. श्यामनं बोंब ठोकली, गोपाल म्हणाला मले काय माहीत, मग दोघं भाऊ शेणाच्या ढिगाजवळ असे जुंपले की कोण कुठला ते कळेना. चंदा मंडीवरून आली तेव्हा मारामारी सोडवून श्यामचा ओठ पुसत होती केशरबाई. आणि श्याम तिच्या पदरात तोंड घालून रडत होता. आई समोर उभी दिसत असताना.

तिथंच चंदानं ठरवलं.

रविवारी तिनं सुपात पायलीभर ज्वारी घेतली, वर हळदकुंकू, खण-नारळ घेतला आणि श्यामला हाताला धरून केशरबाईच्या उंबऱ्यावर गेली.

"काकी, पाचवं वर्ष लागलं. पोराले घ्याले आली."

केशरबाईनं ज्वारी मुठीत घेतली, फुंकर मारली. "हे ते ज्वारी नोहे."

"ते कुठची आनू आता? ते तं..."

"ते तं तुमच्या पोटात गेली. मंग पोरगा माहा झाला का नाई?"

चंदाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण सुपावरची बोटं पांढरी पडली होती. केशरबाईनं ते पाहिलं आणि तिची मस्करी तिथंच सरली. "अवं, घेऊन जाय, बाई. तुहाच हाय. म्या काय त्याले नोंदून घेतला कोठी?" तिनं ज्वारी पदरात ओतून घेतली, श्यामला कुंकू लावलं, सुपात बसवायला गेली. पोट्टा सुपात मावेना. मग नुसता एक पाय सुपात ठेवला आणि उंबऱ्याबाहेर काढला.

"आता रीत म्हंजे रीत," ती म्हणाली. "सव्वा महिना यानं माह्या घरचं पानी पन प्याचं नाई. नाईतर गेलेलं सारं मागं फिरते."

"पाळीन मी," चंदा लगेच म्हणाली. तिला एवढंच पाहिजे होतं.

सव्वा महिना तिनं मंडी सोडली. श्यामचा भांग डावीकडून पडू लागला आणि डावीकडेच राहू लागला. तो रुसला, चार दिवस भिंतीशी जाऊन "केशरमाय" म्हणून हाका मारल्या. केशरबाईनं ओ दिली नाही. रीत तिनंही पाळली. पाचव्या दिवशी पोट्टा आईच्या मागं मागं फिरू लागला, आणि चंदा पाणी भरतानासुद्धा गुणगुणू लागली. दिवसभर त्याच्याच हाका. श्याम, दूध पी. श्याम, उन्हात नको जाऊ.

आठवडा झाला असेल. संध्याकाळी तिनं तीन ताटं वाढली आणि गोपाल दिसेना. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू आलं. चंदा थबकली. हा पोरगा असा मोठ्यानं हसतो, हेच तिच्या ध्यानातून गेलं होतं.

ती तरातरा गेली. गोपाल केशरबाईच्या चुलीपुढं मांडी घालून बसलेला, ताट घरून नेलेलं, त्यात पातोडी.

"ऊठ. सव्वा महिना तिचं पानी नाई प्याचं, मालूम नाई का तुले?"

"ते श्यामले," गोपाल घास न थांबवता म्हणाला. "मी तं इकलेलोच नाई. मले कोन्ती मनाई हाय?"

केशरबाई तव्याकडे बघत म्हणाली, "म्या नाई बलावलं, बाई. सात दिवस झाले, घरच्या जेवनाआंधी ताट घेऊन येते. म्हन्लं, लेकराले हाकलू कसं?"

"सात दिवस?"

"अन् शाळेच्या कबड्डीत घेतलं त्याले. सांगतलं नाई का तुले? शनिवारी वरूडले खेळाले जाते."

चंदानं पोराकडं बघितलं. "मले काहून नाई सांगतलं?"

"आलतो सांगाले," गोपाल म्हणाला. "तू श्यामले दूध पाजून राहिली होती."

"बस, दोन वड्या खाऊन जाय," केशरबाई म्हणाली.

"मले भूक नाई," चंदा म्हणाली आणि बसली. वाढलेल्या दोन्ही वड्या खाल्ल्या. रस्सा तिखट झाला, म्हणाली. मग आणखी वाटीभर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं घरी पातोडी केली. बेसन सैल झालं, वड्या रश्श्यात फुटल्या. सूर्यभान रश्श्यात भाकर चुरून जेवला. श्यामनं ताट चाटून काढलं. गोपालनं दोन वड्या खाल्ल्या, चांगली झाली म्हणाला, आणि ताट धुऊन, पुसून पलीकडे घेऊन गेला.

चंदानं त्याला अडवलं नाही. श्यामला कडेवरून खाली ठेवलं, त्याला "गप रे" म्हणाली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. गोपाल तिथं काय काय सांगतो, ते तिला ऐकायचं होतं.