लीलामावशीचा राणीचा अल्बम

लीलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा माझा मुलगा ऋषी दंडाला पट्टा बांधून स्वतःच्या शिरेत इंजेक्शन घेत होता. त्याचं रक्त गोठत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा हे करावंच लागतं. पंचविशीचा झाला तरी मी समोर बसते. फोनवर मावशीची हातकणंगल्याची शेजारीण रडत होती, "ताई, बाई गेल्या वो सकाळी..." सुई बाहेर आली, कापूस दाबून झाला, तेव्हा ऋषीला सांगितलं आणि मग दोघंही रडलो.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, शाळेत इतिहास शिकवायची. मे महिन्यात मी आणि माझी बहीण सुजू तिच्याकडे राहायला जायचो, ते त्या अल्बमसाठी. जुन्या मासिकांतून कापलेले युरोपातल्या एका राणीचे फोटो तिनं चित्रकलेच्या वहीत डकवले होते. पांढरी जाळीदार टोपी घातलेली, कायम कुणावर तरी रागावलेली राणी. मागं तिच्या लेकी, लांबच्या राजघराण्यांत दिलेल्या. पुढ्यात खलाशाच्या पोशाखातली नातवंडं. मावशी एकेकाची गोष्ट भाऊबंदांची सांगावी तशी सांगायची. घरात सगळे तिला 'राणीसरकार' म्हणून चिडवायचे. काही मुलग्यांवर तिनं लाल पेन्सिलीनं ठिपके दिले होते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ही पोरं लवकर गेली." कशानं, म्हणेपर्यंत आईनं आतून हाक मारली, "लीला, पोरींना जेवायला वाढ आधी." मावशीनं अल्बम मिटला. तिचा स्वतःचा मुलगा, बाळू, आमच्या जन्माआधीच वारला होता. पडला आणि गेला, एवढंच आम्हाला सांगितलेलं.

खरं काय ते मला ऋषीच्या बारशाच्या दिवशी कळलं. कसबा बावड्यात माझ्या सासरी मांडव घातला होता. पाळणा झाला, सोनार कान टोचायला बसला. सासूबाईंनी ऋषीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं, सोनारानं तार उचलली... आणि मावशी बायकांतून वाट काढत पुढं आली.

"थांबा. तार लावू नका."

"अवो बाई, असं काय करतासा? बारसं हाय पोराचं!" सासूबाई ओरडल्या.

मावशीनं अल्बम सोनारापुढंच उघडला. तिचा आवाज वर्गात असावा तसा होता. "ह्या राणीच्या लेकी जितं दिल्या तितं त्यांच्या पोटच्या पोरांत हा रोग गेला. रक्त थांबत न्हाय. लेकींना सवताला काय हुत न्हाय, पण त्यांच्या रक्तातनं त्यो पोरांस्नी जातो. त्यात त्या पोरींचा काय दोष न्हवता. तसंच आमच्या घरात हाय. माझ्या बाळूची जीभ दाताखाली आली, तीन दिवस रक्त गळत हुतं. डॉक्टरांनी हाच फोटो दाखवून मला समजावलं. आधी ह्याचं रक्त तपासा. मग खुशाल टोचा कान."

"लीला!" माझी आई किंचाळली. "शपथ घातली हुती मी तुला!"

"घातली हुतीस की. मोडली."

सोनारानं तार डबीत ठेवली आणि उठला. मी पलंगावर बसून होते. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला बाळू दिसला नाही, पुढचा धोका दिसला नाही; फक्त माझी भरमांडवात झालेली शोभा दिसली. मी म्हणाले, "मावशी, तू जा." ती गेली, न जेवता.

तपासणीत तोच आजार निघाला. सासरी फसवणुकीचे बोल मी कितीतरी वर्षं ऐकले. सुजूचं ठरलेलं लग्न मोडलं. दोन वर्षांनी दुसरीकडे झालं, ते आजाराबद्दल तोंड बंद ठेवूनच. सुजू मावशीशी पुन्हा कधी बोलली नाही. मी मात्र ऋषीला घेऊन तिच्याकडे जात राहिले. गुडघा सुजला तर बर्फ कसा धरायचा, कुठली गोळी चुकूनही द्यायची नाही, हे तिनंच शिकवलं. 'तू जा' म्हटल्याची माफी मात्र मी मागितली नाही. उद्या मागू, उद्या मागू करत राहिले. याची मला लाज वाटते.

अल्बम तिनं माझ्या नावानं ठेवला होता. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी मावशीवर लिहायला घेतलेल्या या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात तिला राजेरजवाड्यांच्या फोटोंचा नाद होता, एवढंच होतं. कारण सुजूचा फोन आला होता, "ताई, रविवारी गौरीला बघायला पावणं येणार हायत. माझ्या पोरीचं वाटोळं करू नकोस." गौरी तिची एकुलती एक लेक. परवा ती माझ्याकडे आली, खर्डा वाचला आणि कागद माझ्यापुढं टाकला.

"मावशी, हे खोटं हाय. ऋषीदादाला काय झालंय ते मला म्हाईत हाय. मी माझं रक्त तपासायला दिलंय."

मी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"न्हाय. रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे. पावण्यांस्नी मीच सांगणार. तू खरं लिव्ह."

म्हणून हे खरं लिहिलं. पुरवणी रविवारी सकाळी येते, पाहुणे अकराला येणार आहेत. सुजूला मी अजून काही सांगितलेलं नाही. अल्बम गौरी घेऊन गेली आहे.