वेस्ट होल्ड

माझी सगळी सर्व्हिस एकाच शेडमध्ये झाली. उपनगरातला लष्कराचा डेपो, शेड नंबर चार, एकतीस वर्षं. वर्दी मी घातली नाही. खोके भरायचे, शिक्के मारायचे, ट्रकवर चढवायचे, हे माझं काम. शिक्षण चौथी. गोड लिहिता येत नाही.

सात चाळीसला हजेरी, आठला शेड उघडायची. किल्ल्या कदमांकडे. ते फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि आमच्याकडे स्टोअरकीपर झाले. राहायला मुलुंडला, मूळ मालवणकडचे. त्यांचा मुलगा निलेश लान्स नायक, पश्चिम सीमेवरच्या बर्फातल्या एका चौकीवर.

"काय गो सुलोचने, आज चाय नाय?" आल्या आल्या कदमांचं सुरू.

"घरी बायको पाजत नाही का?"

"ती झिलाच्या, निलेशच्या काळजीत. झील म्हणता, थय सगळा शांत आसा."

त्या नोव्हेंबरात उत्तरेला तणाव वाढला. मेजर साहेबांनी हजेरीलाच सांगितलं, "दोन्ही सीमांवर एकदम लढायची वेळ येऊ द्यायची नाही. उत्तरेला ताकद लावायची. पश्चिमेला आहे तसं धरून बसायचं, कुरापत काढायची नाही." प्लॅन बरोबर होता. आजही तेच म्हणते.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला फोन वाजला. कदम बाहेर ट्रक लावून घेत होते. मी उचलला.

"शेड फोर? लिहून घ्या. नॉर्थ, फॉरवर्ड. वेस्ट, होल्ड. रिपीट करा."

"नॉर्थ फॉरवर्ड, वेस्ट होल्ड."

"ओके." फोन बंद.

फोनवरच्या माणसाला म्हणायचं होतं, पश्चिमेचा माल आहे तेवढाच चालू ठेवा, वाढवू नका. पण आमच्या शेडमध्ये शिक्के दोनच होते. फॉरवर्ड म्हणजे आजच्या गाडीत. होल्ड म्हणजे मागच्या जाळीच्या खोलीत, पुढचा हुकूम येईपर्यंत हात लावायचा नाही. मी पश्चिमेच्या बेचाळीस खोक्यांवर होल्ड मारला. त्यात वायरलेस सेटच्या बॅटऱ्या होत्या. कदमांनी माझी चिठ्ठी वाचली, खोके मोजले आणि जाळीला कुलूप लावलं.

"तुमच्या निलेशचा माल अडवला बघा," मी गंमत केली.

"त्याका काय होतला? शांत आसा थय."

अकरा दिवस खोके तिथेच राहिले. सगळ्यांचं लक्ष उत्तरेकडे. कुणी विचारलं नाही.

पुढचं निलेशच्या चौकीवरच्या एका जवानाने नंतर मुलुंडला येऊन सांगितलं. बर्फाने टेलिफोनची तार तुटली होती. थंडीने बॅटऱ्या उतरल्या होत्या. बाराव्या दिवशी दुपारी दोन वीसला चौकीचं खालच्या तुकडीशी शेवटचं बोलणं झालं.

"बॅटरी लो. नवीन कधी? ओव्हर."

"रस्त्यात आहेत. थांबा. ओव्हर."

रस्त्यात काही नव्हतं. सेट बंद पडला. तीन वाजता निलेश आणि शिपाई रमेशचंद तार जोडायला खाली उतरले. वरून बर्फ सरकला. मदत मागायला सेट चालू नव्हता. खालची तुकडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, तोवर दोघे गेले होते.

चौकशीत मी खरं ते सांगितलं. कागदावर "समजुतीची चूक" असं आलं. मला लेखी ताकीद मिळाली. फोनवर कोण बोललं, ते मला कुणी विचारलं नाही.

तेराव्यानंतर मी कदमांच्या घरी गेले. त्यांची बायको समोर बसली होती.

"शिक्का मी मारला," मी म्हटलं.

"ठाऊक आसा," कदम म्हणाले. "कुलूप मी लावलंय."

त्यांची बायको उठून आत गेली. माझ्याशी अजून बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

दोन आघाड्यांची लढाई टळली. मेजर साहेबांची बढती झाली. आमच्या नगरातल्या चौकात लढाईत पडलेल्यांच्या नावांचा फलक आहे, तिथे निलेशचं नाव लावा म्हणून मी दोनदा गेले. कमिटीवाला म्हणाला, "मावशी, पण लढाई झालीच नाही ना."

नाही झाली. म्हणून इथे लिहिते. लान्स नायक निलेश कदम, मुलुंड, वय सव्वीस. शिपाई रमेशचंद, गाव डोंगरातलं, गावाचं नाव मला माहीत नाही, वय बावीस.