'बे'चं मूळ

हसायचं तर हसा, पण एका अक्षराच्या शब्दापायी मी डोणगावात काय करून बसलो ते आधी ऐका.

मी रिटायर्ड मराठीचा मास्तर. बायको गेली, मुलगा पुण्यात. माणसाचा आवाज ऐकायचा तर स्टँडजवळचं चहाचं दुकान गाठायचं. तिथे देवराव आणि सुखदेव रोज भेटत. दोघेही पन्नाशीचे, माझेच जुने विद्यार्थी.

"काऊन उशीर केला बे?"

"म्हैस सुटली होती बे."

मला मात्र "नमस्कार सर", की संपलं. खरं सांगतो, मला हेवा वाटायचा. आपल्यालाही कुणीतरी दोस्तासारखं 'बे' म्हणावं, एवढीच इच्छा.

मग मास्तर काय करणार? पुस्तकं काढली. हिंदी-उर्दूत 'अबे'. गुजरातीत 'बे' म्हणजे दोन, त्याचा इथे संबंध नाही. तुर्कीत मात्र 'बे' म्हणजे बडा माणूस, सरदार! नातं लागतं की नाही देव जाणे, मी लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी चहावर पाऊण तास समजावलं आणि म्हटलं, "मानाचा शब्द आहे. मलाही म्हणत जा."

"तुमाले?" देवराव दचकला. "नाही जी सर. जीभ झडीन."

देवरावाने अर्थ एवढाच घेतला, की सर आता आपली भाषा तपासून राह्यले. सकाळी देवराव म्हणतो कसा, "अहो सुखदेवराव, चहा घ्यावा."

आता आमच्याकडे जिवलग दोस्त 'अहो' म्हणाला, की समजायचं बिनसलं. सुखदेवचा चेहराच उतरला.

"काय चुकलं माह्यं? अहो काऊन म्हनून राह्यला?"

माझ्यासमोर देवरावाला खरं सांगता येईना. सुखदेव पिशवी उचलून निघाला. बालपणापासूनची दोस्ती, आणि मोडणार कोण, तर मी, ज्याला एकही दोस्त नाही.

मी ओरडलो, "अबे, बसा बे दोघं!"

देवराव ताडकन उठला, सुखदेव जागीच थबकला. देवराव हात जोडून म्हणाला, "चुकलं सर." सुखदेवने तर तळहातच पुढे केला.

माझ्या तोंडचा 'बे' त्यांनी आजवर छडीसोबतच ऐकला होता. तुर्कस्तानपर्यंत जाऊन आलो, माझ्याच वर्गात तेवढा डोकावलो नाही.