पदरचा एक शब्द

सिद्धेश्वरी वकील झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले ते तिच्या वडिलांनी. मार्केट यार्डाजवळ ज्वारीचं दुकान चालवणाऱ्या सिद्धप्पांना घरात एक काळा कोट हवाच होता. तो आला, दोन वर्षं कोर्टात गेलाही, आणि मग कपाटात जाऊन बसला. कारण विचारलं तर सिद्धेश्वरी सरळ सांगायची, "मला उलट बाजूचंही पटतं." वकिलाला हा आजार परवडत नाही. तिच्या बरोबरीच्या पोरी बँकेच्या कायदा विभागात गेल्या, एकजण कॉलेजात शिकवू लागली. हिनं मात्र परीक्षा दिली आणि सोलापूरच्याच कोर्टात दुभाषी झाली. सीमेकडची कन्नड बोलणारी माणसं साक्षीला उभी राहिली की वकिलांचे प्रश्न त्यांना कन्नडमध्ये सांगायचे आणि त्यांची उत्तरं कोर्टाला मराठीत. घरात दोन्ही भाषा लहानपणापासून असल्यामुळे तिला ते जड गेलं नाही.

जड गेलं ते सिद्धप्पांना. "कायदा शिकलीस कशाला मग? दुसऱ्याचं बोलनं सांगायला?" ते म्हणायचे. "कवातरी आपलं कायतरी बोल की."

ती हसून सोडून द्यायची. निंगव्वाच्या साक्षीच्या दिवशी मात्र हे बोलणं तिला चांगलंच टोचलं.

निंगव्वा सीमेवरच्या एका खेड्यातली विधवा. सत्तरी ओलांडलेली, मराठीचा गंध नाही. पुतण्या बसूनं तिचं राहतं घर बक्षीसपत्र करून आपल्या नावावर घेतलं होतं. त्यानं फसवलं, असा तिचा दावा. दावा हरली तर घर सोडावं लागणार होतं, आणि दुसरा आसरा तिला नव्हता.

बसूच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "बक्षीसपत्रावर अंगठा तुम्हीच लावला ना? का कुणी जबरदस्ती केली?"

सिद्धेश्वरीनं प्रश्न कन्नडमध्ये सांगितला, आणि सांगता सांगताच तिच्यातली वकील जागी झाली. नुसतं 'हो, मीच लावला' म्हटलं की घर गेलं. काय समजून लावला, हेही सांगायला हवं. निंगव्वाला एवढं सुचवलं असतं तरी पुरे होतं, आणि प्रश्नाच्या ओघात ते कुणाला कळलंही नसतं.

म्हातारीनं सगळीकडे नजर फिरवली. आपल्या भाषेतलं माणूस तिथं एकच. तिच्याकडे झुकून तिनं विचारलं, "येन हेळ्ली, यव्वा?"

सिद्धेश्वरी न्यायाधीशांकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "काय सांगू गं बाई?"

"हे कुणाला विचारलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला, साहेब."

मागे हशा पिकला. दुभाषीच साक्षीदाराला शिकवतात, असं म्हणत बसूचे वकील उसळले. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "शिकवायचंच असतं तर हे त्यांनी आपल्याला सांगितलं नसतं. जे घडलं तेच सांगा म्हणावं."

तिनं तेवढंच सांगितलं. निंगव्वाचा चेहरा पडला. आपली वाटलेली पोर चारचौघांत चुगली करून मोकळी झाली होती.

"अंगठा मीच लावला," म्हातारी कन्नडमध्ये म्हणाली. "हात कुणी धरला नाही."

सिद्धेश्वरीनं ते मराठीत सांगितलं. आवाज सरळ ठेवताना तिला कष्ट पडले. वकील "बस, एवढंच" म्हणत खाली बसले. निंगव्वा मात्र पुढं बोलतच होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"साहेब," सिद्धेश्वरी म्हणाली, "साक्षीदाराचं उत्तर संपलेलं नाही."

"उत्तर मिळालं की," वकील म्हणाले.

"अर्धं मिळालं. उरलेलं मी अजून सांगितलेलं नाही."

न्यायाधीशांनी मान हलवली. निंगव्वा बोलत गेली आणि सिद्धेश्वरी सांगत गेली. "निराधारचा पगार सुरू होईल असं बसू म्हणाला, म्हणून अंगठा लावला. तू घर देतेयस असं मला कुणीच सांगितलं नाही. ज्या घरात रोज भाकरी थापते ते घर मी का देऊन टाकेन?"

बाहेर आल्यावर निंगव्वा तिच्याकडे न बघताच एसटी स्टँडकडे गेली. संध्याकाळी सिद्धप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "हळूच सांगायचं हुतंस की तिला," ते म्हणाले. "म्हातारं मानूस हाय." ते चुकीचं बोलतात असं सिद्धेश्वरीला काही छातीठोकपणे म्हणता येईना. निकाल लागेपर्यंत तिच्या मनाला ती रुखरुख लागून राहिली.

काही महिन्यांनी निकाल लागला. निंगव्वाचे वकील उदयसिंह तिला हातवारे करून समजावत होते, पण म्हातारीचा काही केल्या विश्वास बसेना. शेवटी ती स्वतःच सिद्धेश्वरीला शोधत व्हरांड्यात आली.

"बक्षीसपत्र रद्द झालं, अव्वा," सिद्धेश्वरीनं कन्नडमध्ये सांगितलं. "घर तुमचंच आहे."

निंगव्वानं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "हे कोर्ट म्हणतंय, का मला बरं वाटावं म्हणून तू म्हणतेस?"

"कोर्ट म्हणतंय. माझ्या पदरचा यात एक शब्द नाही."

"तू घालत नाहीस, ते मला ठाऊक आहे," निंगव्वा म्हणाली, आणि मग कुठं बाकावर बसून तिनं रडून घेतलं.