दहाव्याला हजर, कोर्टात गैरहजर

आमचे वकीलसाहेब पुढारी झाले ते दहाव्यांच्या जिवावर. हे मी हवेत बोलत नाही. नव्वदच्या दशकात मी त्यांचा ज्युनिअर होतो आणि त्यांची दहाव्यांची डायरी माझ्याच हातात असायची.

आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी सगळा गोतावळा नदीच्या घाटावर जमतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माईक चालू असतो आणि पुढारी एकामागून एक श्रद्धांजली वाहतात. साहेबांनी हिशेब बरोबर ओळखला. कोर्टात घसा फोडला तरी ऐकणारा एकच न्यायाधीश, तोही घड्याळाकडे बघत. घाटावर आयते पाचशे मतदार. बसलेले, गप्प, आणि उठून जायची सोय नसलेले. मग एका सकाळी तीन-तीन दहावे होऊ लागले. अवसरीला मयत झालेला 'शेतकऱ्यांचा आधारवड' असे, जुन्नरचा मयतही आधारवडच. एकदा तर एका सुईणीलाही त्यांनी शेतकऱ्यांचा आधारवड करून टाकलं. कुणी तक्रार केली नाही. साहेब पंचायत समितीवर निवडून आले आणि पुढे आमदारकीचं तिकीट मागू लागले.

इकडे कोर्टात मी उभा राहायचो. "वरिष्ठ वकील बाहेरगावी असल्यानं मुदत मिळावी." हे वाक्य मी झोपेतही बोललो असतो. त्या मुदतीच्या ढिगात एक दावा माझ्या वडिलांचा होता.

आमच्या रानात जायची वाट वडिलांच्या चुलतभावाच्या शेतातून होती. एका वर्षी त्यानं ती नांगरून टाकली. तेव्हापासून आमचा कांदा पाटी-पाटीनं, ओढ्याला वळसा घालून, डोक्यावरून यायचा. वडिलांना एकच हवं होतं. मरायच्या आत एकदा त्या वाटेनं बैलगाडी रानात न्यायची. साहेबांनी दावा फुकट घेतला, ज्युनिअरचे वडील म्हणून. फुकटच्या दाव्याला जेवढी घाई असते तेवढीच त्यांनी केली.

दर तारखेला वडील धुतलेलं धोतर नेसून कोर्टाच्या आवारात येऊन बसत. "आज व्हनार का रं?" विचारत. "पुढच्या तारखेला, आण्णा," मी म्हणायचो. अशी सात-आठ वर्षं गेली आणि वडीलही गेले.

त्यांच्या दहाव्याला साहेब अगदी वेळेवर आले. माईक हातात घेतला आणि वाटेची सगळी कैफियत मांडली. जुनी वहिवाट, नकाशा, ओढा, डोक्यावरची पाटी. जो युक्तिवाद कोर्टात एकदाही झाला नाही तो घाटावर दहा मिनिटांत झाला. बायका डोळे पुसत होत्या. न्यायाधीशांनाच इथं आणायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

कावळा मात्र शिवेना. साहेब पिंडापुढे हात जोडून म्हणाले, "आण्णा, शब्द देतो, वाट मिळवून देईन." फांदीवरचा कावळा जागचा हलला नाही. लोक गालात हसले. साहेब गुरुजींच्या कानाशी लागले, "दर्भाचा कावळा करून लावा की. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

आई ताडकन उठली. "साहेब, तुमी जावा. आमी थांबतो. आमाला सवय हाय."

साहेबांना त्यात टोमणा दिसला नाही, परवानगी दिसली. गाडी सुटली.

मग गर्दीतून वडिलांचा तो चुलतभाऊ पुढे आला. पिंडाकडे बघत म्हणाला, "दादा, सोडली वाट. चार मानसांत सांगतो." थोड्या वेळानं कावळा खाली आला आणि शिवला. त्याला काय ऐकू आलं हे मी वकील म्हणून सांगू शकत नाही.

घाटाच्या पायरीवर मी त्या काकांना गाठलं. रडूही येत होतं, रागही येत होता. "काका, एवढी वर्षं का अडवलीत?"

"मी कुटं आडवली?" ते म्हणाले. "सारं रान नांगरलं, त्यात वाट बी गेली. दादा येऊन बोलला असता तर तितंच काडून दिली असती. त्यो आलाच न्हाई. वकिलाची नोटीस आली. मग मी बी वकील केला."

त्या नोटिशीवर सही साहेबांची होती, मजकूर माझा होता. आणि दावा चालू असेपर्यंत भावाशी एक शब्दही बोलायचा नाही, हे वडिलांना मीच बजावलं होतं. ते त्यांनी मरेपर्यंत पाळलं.