माळढोकाभोवतीचे पांढरे दगड

पिसं दवानं ओली होती आणि जीपच्या चाकांच्या खुणा माळावर सरळ आल्या होत्या. शोधत फिरणारी गाडी वळणं घेते. ही तशी फिरली नव्हती. पत्ता दिल्यासारखी आली, माळढोकाचा नर मारला आणि परत डांबरीला लागली.

तेव्हा मी वडवणीकडच्या माळावर वनपाल होतो. वनपाल म्हणजे गार्डच्या वर आणि रेंजरच्या खाली. शिव्या दोन्हीकडून. माळढोक हा माणसाच्या कमरेएवढा पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. बीडमध्ये नव्या पैशाबरोबर नव्या जीपा आल्या होत्या, जीपांबरोबर शिकारीची हौस आली होती. आमच्या माळावर आता एवढी एक मादी उरली होती. ती अंड्यावर बसली होती.

रेंजरसाहेब म्हणाले, "माहिती आतून जातेय. तुमचा तो सोपान कसा आहे?"

माझ्याही मनात तेच होतं. सोपान रोजंदारीवरचा वनमजूर. त्याचा भाचा बीडला कुणाची तरी जीप चालवायचा. एवढं मला पुरलं.

"सोपान, भाचा भेटतो का रे?"

"भेटतो की."

"इकडं घेऊन येतो का जीप?"

"लोकाची गाडी हाय, साहेब. घरी सोडायला बी आणत न्हाई. कावून इचारता?"

"सहज."

तो माझ्याकडे बघत राहिला. सहज नव्हतं, हे त्याला कळलं असावं.

मी एक डाव टाकला. मादीची जागा फक्त रेंजरसाहेबांना सांगितली. मेंढरांच्या पायाखाली अंडं जाऊ नये म्हणून तिच्यापासून जरा अंतर ठेवून दगडांचं रिंगण केलं आणि दगडांना चुना मारला. नर जिथं फुलून नाचायचा तिथंही पूर्वी असंच केलं होतं. आमच्या खात्याची ही सवयच. रोपवाटिका असो, हद्द असो, साहेबांच्या इन्स्पेक्शनची वाट असो, जपायचं त्याला चुना. पावसानं धुतला की मी पुन्हा मारायचो.

सोपानला मात्र सांगितलं, मादी तलावाच्या अंगाला आहे, तू तिकडं राखण कर. जीप तलावाकडं गेली, तर चोर सापडला.

ठाण्यातले एक हवालदार घेऊन मी टेकाडाआड बसलो. तिथून दोन्ही बाजू दिसायच्या.

"तुमच्या कोंबडीपायी माझा चहा गेला राव," हवालदार म्हणाले.

उजाडल्यावर जीप आली. तलावाकडं वळलीच नाही. सरळ रिंगणाकडं निघाली. ही जागा सांगितली होती ती एकट्या रेंजरसाहेबांना.

आम्ही धावलो. मादी उडाली. बार झाला, पण चुकला. हवालदारांनी जीप अडवली. आत कापसाच्या जिनिंग गिरणीचा मालक, एक जिनिंगवाला, आणि त्याचा मित्र होता. दोघंही ना सोपानच्या ओळखीचे, ना भाच्याच्या.

"जागा कुणी दाखवली?" मी ओरडलो. "रेंजरसाहेबांनी?"

जिनिंगवाल्याला खरंच आश्चर्य वाटलं. "कोण साहेब? रोडवरून पांढरं रिंगण दिसतंय की. मागच्या बारीला बी दिसलंतं. आमाला वाटलं, तुमीच साहेब लोकांच्या शिकारीसाठी चुना मारून ठेवलाय."

हवालदार हसले. मी हसलो नाही.

पंचनामा झाला, बंदूक जप्त झाली, केस बरीच वर्षं चालली. मादी परत आली नाही. अंडं कावळ्यांनी फोडलं. त्या हंगामानंतर आमच्या माळावर माळढोक मी पाहिला नाही.

दगड मी त्याच दिवशी उचलून ओढ्यात टाकले. मग तलावावर गेलो. सोपान काठी घेऊन रिकाम्या जागेला राखण करत बसला होता. त्याला सगळं सांगितलं. खोटी जागा दिल्याचंही.

त्यानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "जीपवाले इतके हायत बीडात. मपल्यावरच संशय कावून?"

उत्तर मला ठाऊक होतं. जीपवाले लांब होते. रेंजरसाहेब वर होते. हाताशी तोच होता. पुढं नोकरीत चोऱ्या बऱ्याच तपासल्या. प्रत्येक वेळी हाताशी असलेल्या माणसाचं नाव संशयितांच्या यादीतून आधी खोडायचो आणि तिथं माझं लिहायचो.

त्या दिवशी मात्र मी एवढंच म्हणालो, "चल, घरी जा आता."

"हजेरी लागंल ना आजची?" त्यानं विचारलं.