गुलाबची शंका

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. बंद खोलीत दिवे आपोआप लागले म्हणे... वायरिंग कोणी तपासलं होतं का, ते मात्र कोणी लिहीत नाही. मी आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं. घरातले देव सासूबाईंचे, मी ते पुसून ठेवते एवढंच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि पुढे लिहितेय ते घडल्यावरही बसलेला नाही. तरी ते घडलं – भर दुपारी, पंधरावीस माणसांच्या देखत.

साठच्या दशकाची अखेर होती. आम्ही कर्जतजवळ दहिवलीला राहायचो, वडील कचेरीत कारकून. मी एफ.वाय. सायन्सला होते आणि कॉलेजसाठी गाडीने कल्याणला जायचे. माझ्याबरोबर गुलाब असायची. कोंडाण्याच्या वाटेवरच्या एका गावातली, भातशेतीवाल्या घरातली. रोज चालत आमच्याकडे यायची, मग दोघी मिळून स्टेशनवर. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, भावंडं नव्हती. वडिलांनी एकट्याने तिला वाढवलं. त्यांना मी काका म्हणायचे. त्यांच्याच हट्टापायी पोरगी कॉलेजात जाते, असं गाव म्हणायचं. गुलाबचे थोरले चुलते तर तोंडावर विचारायचे, काय कलेक्टर करणार हायेस का तिला? काका ऐकून घ्यायचे आणि पहाटे उठून तिच्या डब्याची भाकरी स्वतः थापायचे.

गुलाब हुशार होती, पण त्याहून जास्त हट्टी होती. न कळलेली गोष्ट पाठ करायला तिचं मन घ्यायचंच नाही. मी त्या बाबतीत सोयीस्कर होते. सरांनी सांगितलं, आपण उतरवून घेतलं, मिटलं.

शाळा आमची मराठीतून झालेली आणि इथे सगळं इंग्रजीत. त्यात हे डिफरन्शियल कॅल्क्युलस. सरांनी फळ्यावर एक्स स्क्वेअर घेतला. एक्स थोडासा वाढवायचा, त्या वाढीला एच म्हणायचं. वर्ग करायचा, जुना वजा करायचा, उरलेल्याला एचने भागायचं. राहिलं टू एक्स अधिक एच. 'नाऊ पुट एच इक्वल टू झीरो,' सर म्हणाले, आणि एच पुसून टाकला. उत्तर टू एक्स. आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं.

गुलाब उभी राहिली. तिला इंग्रजीत विचारता येईना, म्हणून मराठीत विचारलं. एच शून्य नव्हता म्हणून आत्ता त्याने भागलं, आणि लगेच शून्य आहे म्हणून पुसला... 'मग सर, तो शून्य हाय का नाय?'

वर्ग तिच्या 'हाय का नाय'ला हसला. सर म्हणाले, हे परीक्षेत विचारत नाहीत, बस. परतीच्या गाडीत बदलापूर गेलं तरी बाईसाहेब गप्प. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'हसू देत गं. पर सांगितलं नाय ना कुणी.'

दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग कर्जतचे डॉक्टर. मी भेटायला गेले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, आणि हात उचलायचीही ताकद नव्हती. मला वाटलं होतं कॉलेजातल्या गमतीजमती विचारेल. तिने विचारलं, 'एचचं कुणाला विचारलंस का गं?'

मग मात्र मी विचारलं. दुसऱ्या तुकडीला शिकवणारे एक म्हातारे सर होते. ते हसले नाहीत. समोर बसवून त्यांनी शांतपणे समजावलं. म्हणाले, तुझ्या मैत्रिणीची शंका बरोबर आहे, तिला तसं सांग. ते वाक्य कधी एकदा तिच्या कानावर घालते असं मला झालं होतं. स्टेशनवरून घरी न जाता तशीच तिच्या गावाला निघाले. शेतात वाल चांगला हातभर वाढला होता. अंगणात तिच्या चुलतीने मला हाताला धरून थांबवलं. गुलाब आदल्या संध्याकाळी गेली होती. उत्तर माझ्यापाशीच राहिलं.

पुढचे दिवस काकांचे फार वाईट गेले. गेलेल्या पोरीचं दुःख एकीकडे, आणि येणारं-जाणारं प्रत्येक माणूस एकच बोलून जाई – पोरीची जात, रोजची दगदग, कुठलंकुठलं पाणी... कशाला धाडायची? थोरले चुलते बोलायचे थांबत नव्हते. काकांनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. माझ्यापाशी मात्र एकदा म्हणाले की मला शाळा मिळाली नाही, ती हौस मी पोरीच्या पाठीवर लादली. मी नाही नाही म्हटलं, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या नाहीला काय वजन असणार.

दहाव्याला मी त्यांच्या घरी बायकांत बसले होते. पिंडाला कावळा शिववायला पुरुषमंडळी नदीवर गेलेली. आमच्याकडे तेव्हा बायका नदीवर जात नसत. दुपार झाली तरी कोणी परतेना. मग गावातले एक गृहस्थ वर आले आणि म्हणाले, कॉलेजातल्या पोरीला बोलावलंय.

खाली जाऊन बघते तर काठावरच्या करंजावर कावळे भरपूर, पण पिंडाकडे एक येत नव्हता. पिंडापुढे हिरवं लुगडं, हिरवा चुडा आणि काळ्या मण्यांची पोत मांडलेली. हे थोरल्या चुलत्यांचं. कुवारी पोर गेली, तिचा जीव लग्नातच अडकणार, हे त्यांनी धरून टाकलं होतं. इतरांनीही आपापल्या परीने सांगून बघितलं होतं – बापाला सांभाळू, तुझ्या गाईला बघू. काहीच होत नव्हतं. भटजी दर्भाचा कावळा करून शिववू म्हणत होते. काका नको म्हणत होते. उघडे, ओल्या पंचाने, उन्हात उभे. सकाळपासून सगळ्यांच्या नजरा सांगत होत्या की बघ, तू पोरीला संसारापासून तोडलीस. त्यांनाही ते पटत चाललं होतं.

मला बघून ते पुढे आले. 'बाय, ती तापात येकच इचारत व्हती. एच एच म्हून काय ते. तुला ठावं हाय?'

'हो काका.'

'त्याचं उत्तर हाय का तुज्यापाशी?'

'आहे.'

'मंग सांग तिला.'

थोरले चुलते काहीतरी पुटपुटले. काकांनी त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि थोडा रागही येत होता. हा काय वेडेपणा! पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मी काठी घेतली आणि पिंडापाशी ओल्या रेतीत एक्स स्क्वेअर लिहिला. इतक्या माणसांसमोर घाबरून मी आपली वर्गातल्यासारखी सुरू झाले. एक्स वाढवला, वर्ग केला, वजा केलं, एचने भागलं. एवढ्यात एक कावळा फांदीवरून खाली उतरला. तो उड्या मारत पार पिंडाशी आला. मी घोकलेलंच पुढे म्हटलं, 'आता एच बरोबर शून्य ठेवू.'

कावळा उडाला आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

माझ्या हातातली काठी गळून पडली. वर्गात अगदी याच वाक्याला तर ती उभी राहिली होती... मला रडू फुटलं. मग रडत रडतच, माणसं आहेत हे विसरून, मी तिच्याशी बोलले. 'गुलाब, तुझं बरोबर होतं गं. ते म्हातारे सर म्हणाले, मुलीची शंका बरोबर आहे. एच शून्य नाहीच. त्याला कोणी शून्य करतच नाही. तो फक्त लहान लहान होत जातो, आणि आपण एवढंच बघायचं की बाकीचं सगळं कशाच्या जवळ चाललंय. ते टू एक्सच्या जवळ जातं. हवं तेवढं जवळ. पोचावं लागत नाही. जिकडे चाललंय, त्यालाच लिमिट म्हणायचं. सर आपल्याला चुकीचं बोलले, तू नाही चुकलीस.'

कावळा खाली आला. या वेळी थांबला नाही. पिंडाला चोच लावली, एक शीत उचललं आणि नदीपलीकडे गेला.

थोरल्या चुलत्यांनी वाकून चुडा आणि पोत उचलली आणि लुगड्यात गुंडाळली. मला वाटलं काकांना हायसं वाटेल, आता कोणी त्यांना नावं ठेवणार नाही. ते खाली रेतीत बसले. 'म्हंजे तिलाच शिकायचं व्हतं,' ते म्हणाले. 'मला वाटायचं, मी धाडतो म्हून जाते.' आणि मग त्या दहा दिवसांत रडले नव्हते तेवढे रडले.

नंतर मी हे फार थोड्यांना सांगितलं. माझे मिस्टर म्हणायचे, दुपारपर्यंत ताटकळलेला कावळा, भुकेला उतरला. शक्य आहे. पण भुकेला होता तर पिंडापासून वीतभर अंतरावरून परत का गेला? तू काठी हलवलीस म्हणून, ते म्हणायचे. तेही शक्य आहे. माझ्या विद्यार्थ्याने असा योगायोग पुरावा म्हणून पुढे केला असता तर मी काट मारली असती. इतकी वर्षं झाली, मला याचा उलगडा झालेला नाही, आणि आता होईल असं वाटत नाही.

वर्षश्राद्धाला काकांनी मला बोलावणं धाडलं. मी तेव्हा इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होते. जेवणं व्हायची होती, पान वाढून बाहेर ठेवलं होतं. काका माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, यंदा पुढचं काय शिकवलं, ते सांग. मी इंटिग्रेशन सांगितलं. वाकड्या बांधाच्या शेताचं क्षेत्रफळ कसं काढायचं, तेवढंच, मराठीतून. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण एकदाही नजर हलवली नाही त्यांनी. बाहेर पानावर कावळा आला की नाही, मी बघितलं नाही.

सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, 'समजलं आसंल ना गं तिला?'

मी म्हटलं, 'तिला माझ्याआधी समजलं असतं, काका.'

त्यांनी मान हलवली आणि मला वाढायला उठले.